धूर झाडांचं खाद्य? छे!

‘झाडं प्रदूषण शोषतात, त्यांना काही होत नाही,’ हा मेसेज दर हिवाळ्यात सोसायटीच्या ग्रुपवर फिरतो. पहिला अर्धा भाग थोडाफार खरा, दुसरा साफ चूक.

झाडाला हवा असतो कार्बन डायऑक्साइड. सायलेन्सरमधून त्याच्याबरोबर काजळी आणि नायट्रोजनची ऑक्साइडंही येतात. बांधकामाशेजारच्या पिंपळाचं पान बोटाने पुसून बघा, करड्या थराखालून हिरवा रंग निघतो. त्या थरामुळे ऊन कमी पोचतं, अन्न कमी तयार होतं. मुंबईत परतीचा पाऊस गेला की जूनपर्यंत तो धुवायला कोणी येत नाही.

ओझोनचं प्रकरण जास्त छुपं. तो गाडीतून निघत नाही. धुरातल्या वायूंवर ऊन पडून बनतो, पर्णरंध्रांतून, म्हणजे पानावरच्या बारीक छिद्रांतून, आत शिरतो आणि पेशी जाळतो. पानांवर बारीक ठिपके येतात, ती अकाली पिवळी पडतात. गंमत म्हणजे भर ट्रॅफिकमध्ये तो बऱ्याचदा कमी असतो, कारण ताज्या धुरातला नायट्रिक ऑक्साइड त्याला संपवतो. म्हणून रस्त्यापासून लांबची झाडं सुरक्षित, असंही नाही.

अर्थात प्रत्येक पिवळं पान धुराचं नसतं. बुंध्यापर्यंत काँक्रीट ओतलंय का, ते आधी बघा.