चौलची काच, वाळू कुठली?

मुंबईहून लाँचने मांडव्याला उतरलं की चौल फार लांब नाही. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक व्यापारी टिपणात सोपारा आणि कल्याणसोबत या बंदराचंही नाव येतं. त्याच टिपणात भडोचला उतरणाऱ्या मालाच्या यादीत कच्ची काच आहे: भांडी नव्हेत, नुसते गोळे. ते पुन्हा तापवून इथले कारागीर आपल्या वस्तू घडवत. प्राचीन काचेचा माग काढताना खरी अडचण हीच. काच एका गावी बनते, मणी दुसऱ्या गावी, आणि उत्खननात निघतो तो तिसऱ्याच गावी. मण्याचा आकार घडवणाऱ्याची पद्धत सांगतो. वाळू आणि खार कुठले, हे रसायनातूनच कळतं.

शुद्ध सिलिका, म्हणजे वाळूतला मुख्य घटक, वितळायला १,७०० अंश सेल्सिअस लागतात. सोडा हा खार मिसळला की भट्टीचं काम हजार-अकराशे अंशांत भागतं, आणि चुना त्या काचेला पाण्यात विरघळू देत नाही. सोडा कुठला, हे मॅग्नेशिया आणि पोटॅश (मॅग्नेशियम आणि पोटॅशियमची ऑक्साइडं) सांगतात. दोन्ही साधारण १.५ टक्क्यांखाली असतील तर सोडा खनिज, बरेच वर असतील तर वनस्पतींच्या राखेतला. रोमन काचेत इजिप्तमधल्या वादी नत्रूनसारख्या ठिकाणचा खनिज सोडा असे आणि अ‍ॅल्युमिना (अ‍ॅल्युमिनियमचं ऑक्साइड) जेमतेम २-३ टक्के. भारतीय मण्यांच्या एका मोठ्या कुळात सोडा खनिजच आहे, पण अ‍ॅल्युमिना ५ टक्क्यांपासून १० च्याही पुढे जातं. फेल्डस्पार या अ‍ॅल्युमिनायुक्त खनिजाची वाळू आणि जमिनीवर फुलून येणारा खार (उत्तर भारतात याला रेह म्हणतात) वापरला की असं होतं.

या कुळाच्या शाखा मात्र मुख्य घटकांवरून वेगळ्या काढता येत नाहीत. तिथे दशलक्षात काही भाग एवढ्याच प्रमाणात असलेली मूलद्रव्यं उपयोगी पडतात. दक्षिण भारत आणि श्रीलंकेशी जोडल्या जाणाऱ्या शाखेत बेरियम जास्त, युरेनियम कमी. चौलला सापडलेल्या काचेत नेमकं उलटं, आणि तिच्याशी जुळणारे मणी पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरही मिळाले आहेत. गंमत अशी की कोकणचा काळा कातळ बेसॉल्टचा. त्यात लोह भरपूर आणि युरेनियम दशलक्षात एक भागाच्या आसपास किंवा त्याहूनही कमी. चौलच्या काचेतलं युरेनियम या कातळाच्या वाळूतून येणं अवघड. ते ग्रॅनाइटी मुलखाकडे बोट दाखवतं. म्हणून चौलला ‘कारखाना’ म्हणण्याआधी दहादा विचार करावा. बंदर म्हणून मात्र त्याचं महत्त्व वादातीत आहे.

मोजमापासाठी सर्वांत सोयीची पद्धत म्हणजे लेसरने काचेचा सूक्ष्म कण उडवून तो मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये, म्हणजे अणूंच्या वस्तुमानावरून मूलद्रव्यं मोजणाऱ्या यंत्रात, नेणं. खड्डा साधारण ०.१ मिलिमीटर किंवा त्याहून लहान, नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. सुरुवातीचे काही सेकंद लेसर चालवून तो भाग हिशेबात धरायचा नाही, कारण वरच्या गंजलेल्या थरातून सोडा निघून गेलेला असतो. मग तीन-चार जागी मोजायचं आणि दरम्यान ठरावीक घटकांची प्रमाणित काच पुन्हा पुन्हा मोजून यंत्र ताळ्यावर ठेवायचं.

हातात धरायचं क्ष-किरण यंत्र संग्रहालयात सोयीचं वाटतं, पण त्याला हवेत सोडियम जवळपास दिसतच नाही. सिलिकॉन आणि अ‍ॅल्युमिनियमचे आकडे पृष्ठभागाच्या पातळ थरातूनच येतात. मणी गंजलेला असेल तर सिलिका फुगलेली दिसते आणि काच भलत्याच कुळात जाऊन बसते. शिसं, तांबं, स्ट्रॉन्शियम यांसाठी ते ठीक.

रंगाचाही हिशेब करावा लागतो. पिवळ्या मण्यात शिसं भरपूर असलं तर बाकीचे सगळे घटक तेवढे कमी दिसतात. रंगाची द्रव्यं वजा करून उरलेलं पुन्हा १०० टक्क्यांवर आणल्याशिवाय पिवळा आणि निळा मणी शेजारी ठेवू नये. रोमन काचेत आणखी एक खूण शोधतात. रंग घालवायला काही ठिकाणी अँटिमनी वापरत, काही ठिकाणी मँगनीज. एकाच तुकड्यात दोन्ही लक्षणीय प्रमाणात निघाले, तर मोडकी काच गोळा करून पुन्हा वितळवलेली असण्याची शक्यता मोठी. अशा तुकड्याला एकच उगम चिकटवायला जाऊ नये.