मणक्यातली गादी सरकत नाही

कंबरेत कळ आली की ‘गादी सरकली, दाबून जागेवर बसवून घ्या’ असा सल्ला हमखास मिळतो. पण गादी सरकतच नाही. पाठीच्या कण्यात मानेचे ७, पाठीचे १२ आणि कंबरेचे ५ मणके सुटे असतात, त्याखालचे जुळलेले. सुट्या मणक्यांमधल्या गाद्या (मानेच्या पहिल्या दोघांत ती नसते) वरखालच्या हाडांना घट्ट चिकटलेल्या असतात. होतं असं, की गादीचं चिवट बाहेरचं कडं फुगतं किंवा चिरतं, आतला मऊ गर बाहेर येतो आणि कधी शेजारच्या नसेवर दाबतो. मग कळ पायात उतरते.

दाबताना येणारा ‘कट्’ आवाज हाड बसल्याचा नव्हे. मणक्यांच्या मागच्या बाजूच्या छोट्या सरकत्या सांध्यांतल्या द्रवात तयार होणाऱ्या वायूच्या पोकळीचा तो आवाज. बाहेर आलेला गर बऱ्याचदा शरीर स्वतःच हळूहळू शोषून घेतं, आणि बहुतेकांना शस्त्रक्रिया लागत नाही. मात्र लघवी-शौचावरचा ताबा गेला, मांड्यांमधली जागा बधिर झाली किंवा पायातली ताकद कमी होत चालली, तर कृपा करून कुणाकडून दाबून घेऊ नका, थेट रुग्णालय गाठा.