‘इंडियन ओशन’चा खरा संच कोणता? एका वादाची पार्श्वभूमी

इंदूरच्या मराठी घरांत ‘इंडियन ओशन’ या दिल्लीच्या बँडचा विषय निघाला, की गाण्यांवरचे बोलणे लवकर संपते आणि माणसांवरचे सुरू होते. 2009 पर्यंतचा चौघांचा संच श्रेष्ठ की त्यानंतरचा पाचांचा, गायक-तबलावादक अशीम चक्रवर्ती गेल्यानंतर हा बँड तोच राहिला का, सुस्मित सेन यांची गिटार नसताना त्यांच्या काळातली गाणी मंचावर वाजवावीत का, या प्रश्नांवर एरवी मवाळ असणारी माणसेही हट्टाला पेटतात. 1990 मध्ये सुरू झालेल्या आणि पस्तीस वर्षांत अनेकदा माणसे बदललेल्या या बँडच्या बाबतीत असा वाद होणे साहजिक आहे. मात्र तो नेमका कशावरून पेटतो आणि इंदुरात त्याला वेगळे वळण का मिळते, हे समजण्यासाठी या संचांचा इतिहास क्रमाने पाहावा लागतो.

सुस्मित सेन आणि अशीम चक्रवर्ती यांची ओळख 1984 सालची. एकाच्या हाती गिटार, दुसऱ्याच्या हाती तबला, आणि गाणेही तबलेवाल्याकडेच, अशी ही जोडी काही वर्षे फिरत होती. 1990 मध्ये तिला बँडचे रूप आले. नाव सुस्मित यांच्या वडिलांनी सुचवले. ड्रमवर शालीन शर्मा होते. 1991 मध्ये राहुल राम बेस गिटार घेऊन आले आणि 1993 मध्ये एचएमव्ही या ध्वनिमुद्रिका कंपनीने बँडच्याच नावाचा पहिला अल्बम काढला. त्या काळात भारतीय रॉक बँड म्हणजे बहुधा इंग्रजी गाणी हुबेहूब वाजवणारी कॉलेजची पोरे, अशी सर्वसाधारण समजूत होती. हा बँड मात्र स्वतःची रचना वाजवत होता आणि त्यात शब्दांपेक्षा वाद्यांना अधिक जागा होती. या पहिल्या संचाची बाजू घेणारे आज जवळजवळ कुणी उरलेले नाही, आणि ते मला अन्यायाचे वाटते. कारण पुढे ज्या गोष्टींसाठी चौघांचे कौतुक झाले, त्यांतील निम्म्या तिथेच आकाराला आल्या होत्या.

1994 मध्ये शालीन यांच्या जागी अमित किलम आले. वयाने ते सगळ्यांत धाकटे होते. ड्रमशिवाय गबगुबी हे तंतुवाद्य, रेकॉर्डर ही पाश्चात्त्य बासरी अशी वाद्ये ते वाजवत आणि गातही. इथून 2009 च्या अखेरपर्यंत, म्हणजे सुमारे पंधरा वर्षे, सुस्मित, अशीम, राहुल आणि अमित हे चौघे एकत्र राहिले. ‘मूळ संच’ म्हणून ज्याचा उल्लेख होतो तो हाच, जरी काटेकोरपणे पाहिले तर तो मूळ नव्हताच.

या चौघांच्या कामाची पद्धत समजून घेतल्याशिवाय त्यांच्या बाजूचा आग्रह कळत नाही. दिल्लीच्या करोल बागेत खजूर रोडवरच्या एका जुन्या घरात ते तासन् तास वाजवत बसत. एकाने गाणे लिहून आणायचे आणि इतरांनी साथ करायची, असा प्रकार नव्हता. गिटारचा एखादा तुकडा निघे, त्यावर बेस बसे, ठेका ठरे, आणि शब्द सर्वांत शेवटी येत, कधी येतही नसत. पुढारी कोण, हे बाहेरच्याला सांगता येऊ नये, अशी ही रचना होती. 1997 चा ‘डेझर्ट रेन’ हा अल्बम दिल्लीत मंडी हाउसजवळ ‘सहमत’ या कलावंतांच्या संस्थेच्या कार्यक्रमात झालेल्या थेट ध्वनिमुद्रणाचा आहे. स्टुडिओतील सफाई त्यात नाही, पण हे चौघे एकमेकांना कसे ऐकत, हे त्यात जितके कळते तितके दुसऱ्या कोणत्याही अल्बममध्ये कळत नाही. चौघांचा संच श्रेष्ठ ठरवायचाच असेल, तर पुरावा म्हणून हाच अल्बम पुढे करावा, असे माझे मत आहे. प्रत्यक्षात लोक पुढे करतात तो ‘कंदिसा’.

2000 मध्ये टाइम्स म्युझिकने काढलेल्या ‘कंदिसा’ने बँड घराघरांत नेला. केरळच्या सीरियन ख्रिस्ती परंपरेतील अरामी भाषेतली प्रार्थना, गोरख पांडे यांच्या कवितेवरचे ‘हिल्ले ले’, ‘खजुराहो’ नावाची दीर्घ रचना आणि ‘मां रेवा’, हे सगळे सात गाण्यांच्या एकाच अल्बममध्ये होते. 2003 मध्ये आलेल्या ‘झीनी’चे शीर्षकगीत कबीराच्या पदावर आधारलेले होते. अनुराग कश्यप यांचा ‘ब्लॅक फ्रायडे’ हा चित्रपट न्यायालयीन अडथळ्यांमुळे रखडून 2007 मध्ये प्रदर्शित झाला; मात्र पियूष मिश्रा यांच्या शब्दांचे त्यातले ‘बंदे’ त्याआधीच कॉलेजांमध्ये पोहोचले होते.

इंदूरचा संबंध येतो तो ‘मां रेवा’पासून. राहुल राम यांनी कॉर्नेल विद्यापीठातून पर्यावरणीय विषशास्त्रात डॉक्टरेट मिळवली होती. परतल्यावर काही वर्षे त्यांनी नर्मदा बचाओ आंदोलनात काम केले आणि त्या खोऱ्यातले निमाडी गीत ते बँडमध्ये घेऊन आले. दिल्ली-मुंबईच्या श्रोत्याला ते ‘लोकसंगीत’ वाटले असेल. इंदूरच्या माणसाला ती घाटाखालची, ओळखीची बोली होती. शिवाय इंदुरात 1978 पासून नळाला नर्मदेचेच पाणी येते, मंडलेश्वरजवळच्या जलूदहून विंध्य चढवून आणलेले. धरणाच्या वादात आमच्या शहरात दोन्ही बाजूंची माणसे होती, पण हे गाणे दोन्ही बाजूंनी ऐकले. अजूनही महूवरून जाम घाट उतरून मंडलेश्वरला निघालेल्या गाडीत ते लागतेच. त्यातही 2000 चे ध्वनिमुद्रण लावायचे की पाचांच्या संचाचा एखादा अलीकडचा मंचीय प्रयोग, यावर घाट संपेपर्यंत हुज्जत चालते. मागच्या सीटवरची काकू मध्येच ‘गाणं तरी ऐकू द्या रे’ म्हणते, तेवढ्यापुरती ती थांबते.

दुसरा धागा कबीराचा. इंदूरपासून पस्तीस-चाळीस किलोमीटरवरच्या देवासला कुमार गंधर्व 1948 मध्ये येऊन राहिले. माळव्यातल्या नाथपंथी आणि निर्गुणी गायकांकडून ऐकलेले गाणे त्यांनी मैफिलीत आणले. त्यामुळे इथल्या मराठी घरांत कबीर हा पुस्तकातला नसून कानांतला आहे, आणि निर्गुणी भजन गिटार-ड्रमवर ऐकण्याची वेळ आली तेव्हा आधी पाहिला गेला तो गाणारा गळा. दिल्लीतले चाहते बहुधा सुस्मित यांच्या गिटारवरून बाजू घेतात, तर इंदूरचे मराठी चाहते अशीम यांच्या आवाजावरून, असा माझा अनुभव आहे. त्याचे मूळ या श्रवणात असावे.

अशीम यांचे मंचावरचे बसणे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हा मुद्दा फार समजावून सांगावा लागत नाही. बाकीचे उभे, आणि हे मांडी घालून बसलेले. समोर तबला आणि इतर तालवाद्ये, तोंडाशी वाकवलेला माइक. गाणारा आणि ठेका धरणारा माणूस एकच असल्यामुळे एखादी ओळ लांबवावीशी वाटली, की ठेकाही तिच्याबरोबर लांबत असे, आणि समेवर येताना इशाऱ्याची गरज पडत नसे. आपल्याकडच्या मैफिलीत गवई आणि तबलजी यांच्यात जी नजरानजर होते, ती इथे एकाच माणसाच्या आत मिटत होती. राहुल आणि अमितही गात, त्यामुळे तीन आवाजांचा मेळ होता. पण ताल आणि शब्द यांचा सांधा अशीम यांच्यापाशी होता.

25 डिसेंबर 2009 रोजी अशीम यांचे निधन झाले. पुढच्या वर्षी गाण्यासाठी हिमांशू जोशी आणि तबल्यासाठी तुहीन चक्रवर्ती आले, आणि चारांचे पाच झाले. माझ्या मते सगळ्या वादाचे मर्म या साध्या हिशेबात आहे. एका माणसाची जागा भरायला दोन माणसे लागली, याचा अर्थ नवे लोक कमी पडले असा नाही. ती जागा मुळात दोन कामांची होती, आणि ती कामे वेगळी होताच बँडची घडण बदलली. हिमांशू यांचा आवाज ताकदीचा आहे, त्यांना गायला मोकळीक आहे, तबलाही आता स्वतंत्रपणे बोलतो. पण गायक पुढे आणि वाद्ये मागे, अशी नेहमीच्या बँडची रचना हळूहळू इथेही आली. ज्यांना गाणी आवडतात त्यांना यात तोटा दिसत नाही. ज्यांना ‘डेझर्ट रेन’ आवडतो त्यांना दिसतो.

या वळणावर, कोणता अल्बम कोणत्या संचाचा याची मोजणी करणाऱ्यांची पंचाईत करणारा एक अल्बम आहे. करोल बागेतल्या घराचाच पत्ता नाव म्हणून घेतलेला ‘16/330 खजूर रोड’ 2010 पासून एकेक गाणे करून इंटरनेटवर विनामूल्य देण्यात आला. ध्वनिमुद्रणात अशीम आहेत, पण ही गाणी लोकांपर्यंत पोहोचत असताना मंचावर त्यांच्या जागी दुसरे बसत होते. चौघांचे पक्षपाती तो आपल्या खात्यात धरतात, आणि ते रास्तही आहे. मात्र ही गाणी प्रत्यक्ष ऐकलेल्या बहुतेकांनी ती पाचांकडूनच ऐकली.

2013 मध्ये सुस्मित सेन यांनी बँड सोडला आणि स्वतःच्या नावाचा वेगळा संच उभा केला. त्यांच्या जागी निखिल राव आले. दोन संस्थापकांपैकी एकही उरला नाही, त्यामुळे काहींनी तिथेच बँड संपला असे जाहीर केले. सुस्मित यांची गिटार पाश्चात्त्य रॉकच्या झणझणाटापासून दूर, एकेका सुरावर रेंगाळणारी होती, आणि जुन्या रचनांचा पायाच तिच्यावर होता. निखिल यांचा बाज इलेक्ट्रिक गिटारचा. त्यांनी नक्कल केली नाही, हे मी गुणातच धरतो. नक्कल केली असती तर तुलना रोज झाली असती. 2014 चा ‘तांडानू’ या नव्या पाचांचा. त्यात विश्वमोहन भट, शुभा मुद्गल, शंकर महादेवन असे पाहुणे होते. पाहुण्यांची ही गर्दी नव्या संचाच्या आत्मविश्वासाची खूण की उणिवेची, यावर दोन्ही बाजूंनी बोलता येते आणि बोलले जाते.

मराठी माणसाला हे सगळे नवे नसावे. संस्थानी काळात इंदूर, बडोदे, ग्वाल्हेर इथे संगीत नाटक मंडळ्यांचे मुक्काम पडत, तेव्हा कोणत्या कंपनीत कोण उरले आणि कोण फुटले यावर असेच तट पडत. 1913 मध्ये बालगंधर्व किर्लोस्कर मंडळी सोडून बाहेर पडले, तेव्हा मूळ कंपनी खरी की नवी, हा प्रश्न निघाला होताच. 1908 मध्ये स्थापन झालेल्या ‘ललितकलादर्श’चे केशवराव भोसले 1921 मध्ये गेले, त्याच वर्षी बालगंधर्वांबरोबर त्यांनी केलेला ‘संयुक्त मानापमान’ अजून आठवणीत असतानाच. त्यांच्या पश्चात बापूराव पेंढारकरांनी ती कंपनी चालवली आणि केशवरावांची छाया न बनता नव्या नाटकांनी तिला स्वतःचा चेहरा दिला. संस्थापक गायक गेला म्हणजे संस्था गेली, असे तेव्हाच्या प्रेक्षकांनीही शेवटी मानले नाही. त्यांनी नवे नाटक कसे आहे ते पाहिले.

पाचांच्या बाजूचे लोक याच कसोटीवर 2015 च्या ‘मसान’चा दाखला देतात. नीरज घायवान यांच्या या चित्रपटाचे संगीत ‘इंडियन ओशन’चे, गीते वरुण ग्रोवर यांची, आणि दुष्यंत कुमारांच्या ओळीवरून उमललेले ‘तू किसी रेल सी’ हे गाणे आज विशीत असलेल्या कितीतरी श्रोत्यांची बँडशी पहिली ओळख आहे. या श्रोत्यांना चौघांचा संच म्हणजे आईबाबांच्या कॅसेटी. त्यांच्या हिशेबात 2013 पासूनचा संच हाच बँड, आणि 2023 चा ‘तू है’ ही त्याची ताजी गोष्ट. दशक उलटून गेलेल्या संचाला अजून ‘नवा’ म्हणणे त्यांना विनोदी वाटते, आणि त्यात तथ्य आहे.

मात्र ‘तू किसी रेल सी’ची गंमत अशी, की ते संचातल्या कुणी गायलेले नाही. आवाज आहे स्वानंद किरकिरे यांचा, म्हणजे इंदूरच्या मराठी घरात वाढलेल्या माणसाचा. चौघांचे पक्षपाती लगेच म्हणतात, की अशीम यांच्या जागी दोघे आणूनही सिनेमासाठी तिसरा लागलाच. पाचांचे पक्षपाती म्हणतात, की गाण्याला कोणता गळा हवा हे ओळखून आपला गायक बाजूला ठेवणारा संच पक्का असतो. आणि जे दोन्ही पक्षांत नाहीत, ते किरकिऱ्यांचे घर नेमके कोणत्या गल्लीत होते, या दुसऱ्याच वादाला लागतात.