हेड जाम आहे की हेड उपाशी आहे?

काळ्या टी-शर्टवरच्या पांढऱ्या रंगात आडव्या रेघा दिसायला लागल्या, की आमच्या धंद्यातला, म्हणजे इंकजेट मशीनने थेट टी-शर्टवर छापणारा माणूस आधी हेडच्या, म्हणजे इंकचे थेंब सोडणाऱ्या भागाच्या, क्लीनिंगचं बटण दाबतो. एकदा, दोनदा, पाचदा. मग कुणीतरी फोनवर सांगतं, "हेड जाम झालंय, सिरिंजने सोल्युशन मार." गणपतीला दहा दिवस राहिले होते, मंडळाचे दीडशे टी-शर्ट बाकी होते, तेव्हा मीही तेच केलं. सिरिंज जोरात दाबली, हेडच्या आतलं सील गेलं आणि पांढरी इंक शेजारच्या रंगात मिसळायला लागली. हेड कायमचं गेलं. दुसऱ्या दिवशी डॅम्पर, म्हणजे इंक हेडमध्ये जाण्याआधी जिच्यातून येते ती जाळीची छोटी डबी, काढून पाहिला तर त्याची जाळी पांढऱ्या गाळाने गच्च भरलेली. हेडला मुळात काहीच झालं नव्हतं, त्याच्यापर्यंत इंकच पोचत नव्हती.

जाम हेड आणि उपाशी हेड, दोन्हींत कपड्यावर रेघाच येतात, म्हणून घोटाळा होतो. पण एकाचं औषध दुसऱ्याला विष ठरतं.

आपल्या बहुतेक मशीनमधली हेडं पिएझो जातीची असतात. प्रत्येक नोझलच्या, म्हणजे थेंब सुटणाऱ्या तोंडाच्या, मागे एक बारीक कप्पा असतो. विजेचा झटका बसला की त्याची भिंत किंचित वाकते आणि थेंब बाहेर ढकलला जातो. नोझलचं भोक केसाच्या जाडीच्या निम्म्याहूनही लहान. त्या तोंडाशी इंक सुकली, कपड्याचा तंतू चिकटला किंवा पांढऱ्या रंगाचा गाळ बसला, तर हेड जाम. याउलट भोक स्वच्छ आहे, पण कप्प्यात इंकच नाही किंवा हवेचा बुडबुडा अडकलाय, तर हेड उपाशी. भिंत वाकते, पण हवा दबते आणि थेंब सुटत नाही.

ओळखायचं कसं? नोझल चेक, म्हणजे प्रत्येक नोझलची एकेक बारीक रेघ छापणारी चाचणी, एकदा काढून काहीच कळत नाही. पाठोपाठ तीन काढा, मध्ये क्लीनिंग न करता. पांढऱ्यासाठी पारदर्शक शीट घ्या आणि काळ्या कागदावर धरून बघा. तिन्ही चेक एकाखाली एक ठेवा. गायब रेघा तिन्हींत अगदी त्याच जागी असतील तर जाम. जागा बदलत असतील, म्हणजे पहिल्यात वरच्या तीन नाहीत, दुसऱ्यात त्या आल्या पण मधल्या गेल्या, तर नक्की हवा किंवा उपासमार. वाळलेली इंक जागा बदलत नाही, बुडबुडा बदलतो. एखादी रेघ आहे पण तिरकी पडलीय, तर तोंडाशी तंतू किंवा अर्धवट सुकलेली इंक आहे. ती जाम होण्याची सुरुवात समजा.

तीनही चेक चांगले आले तरी काम संपलं असं समजू नका. आता एक मोठा भरीव पांढरा चौकोन छापा आणि लगेच पुन्हा चेक काढा. चौकोनाची सुरुवात घट्ट आणि शेवट विरळ असेल, नंतरच्या चेकमध्ये अख्खा पट्टा गेलेला असेल, तर पुरवठा कमी पडतोय. नोझल चेकला इंक फार थोडी लागते, तेवढी उपाशी हेडसुद्धा देतं. भरीव छपाईला मात्र ते धापा टाकतं.

माझा ढोबळ नियम असा: सकाळी वाईट आणि एक-दोन क्लीनिंगनंतर दिवसभर ठीक, तर रात्री सुकतंय, म्हणजे कॅप (मशीन थांबलं की हेडचं तोंड झाकणारी रबरी कडेची वाटी) नीट बसत नाही. सकाळी छान आणि दहाव्या शर्टला रेघा, तर उपासमार. एक अपवाद लक्षात ठेवा. सकाळी एखाद्या रंगाचा पूर्ण पट्टाच नसेल, तर कुठल्यातरी सैल जोडातून हवा शिरून इंक रात्रीत मागे सरकलेली असते.

जाम असेल तर घाई सोडा. कॅपच्या रबराची कड पुसा, हेड पुसणाऱ्या पट्टीवरचे, म्हणजे वायपरवरचे, तंतू काढा. इंक ज्या कंपनीची, तिचंच क्लीनिंग सोल्युशन कॅपमध्ये काठोकाठ भरा आणि हेड त्यावर पार्क करून रात्रभर तसंच सोडा. सकाळी एक क्लीनिंग, मग चेक. दोन-तीन रात्री भिजवूनही तीच नोझल तशीच बंद राहिली, तर ती विजेच्या बाजूने मेलेली असण्याची शक्यता धरा. तिथे सिरिंजचा जोर लावून काही मिळत नाही.

उपाशी असेल तर क्लीनिंगला हात लावू नका. क्लीनिंग म्हणजे पंपाने खालून ओढणं. वर जाळी तुंबलेली असेल किंवा जोड सैल असेल, तर प्रत्येक ओढीबरोबर आणखी हवा आत येते आणि महागडी इंक वेस्ट टँकमध्ये जाते. त्याऐवजी टाकीपासून हेडकडे चालत या. पातळी बघा. टाकीचं हवेचं झाकण उघडं आहे ना? हसण्यासारखं वाटेल, पण रिफिल टाक्यांत बऱ्याचदा दोष इथेच सापडतो. ट्यूब कुठे मुडपलीय का, तिच्यात बुडबुड्यांची माळ दिसते का, ते बघा. मग डॅम्पर. तो काढून तोंडाला सिरिंज लावा आणि अगदी हळू ओढा. इंक सहज आली तर ठीक, जड गेलं तर डॅम्पर बदला. नवा बसवण्याआधी बुडबुडे थांबेपर्यंत ओढून भरून घ्या. सिरिंजचा खरा उपयोग हा, ओढण्याचा.

दोन्ही दोषांची मुळं बऱ्याचदा पांढऱ्या इंकेतच असतात. तिच्यातलं टायटॅनियम डायऑक्साइड पाण्याच्या सुमारे चौपट जड, म्हणून ते तळाशी बसणारच. त्यासाठी बाटली रोज हलवायची. पण लस्सी घुसळल्यासारखी हलवून लगेच टाकीत ओतली, तर फेस लाईनमध्ये जातो आणि जाम टाळता टाळता आपणच उपासमार करून ठेवतो. हळू उलटसुलट करा, फेस बसू द्या, मग ओता.

आमच्या अकोल्यात मे महिन्यात दुपारची हवा इतकी कोरडी असते की उघडं हेड बघता बघता सुकायला लागतं. ४० ते ६० टक्के आर्द्रता असली की ही मशीन सुखाने चालतात, म्हणून आर्द्रतामापक भिंतीवर ठेवा आणि उन्हाळ्यात खोलीत पाण्याचा कूलर चालवा, पण त्याचा झोत मशीनवर येऊ देऊ नका. मुंबई-कोकणात पावसाळ्यात सुकण्याची भीती कमी, तिथे रेघा दिसल्या तर मी आधी डॅम्परकडे बघेन. आणि कुठेही असा, प्रीट्रीटमेंटचा, म्हणजे छपाईआधी कपड्यावर मारायच्या द्रावणाचा, स्प्रे दुसऱ्या खोलीत मारा. त्यातलं मीठ इंक घट्ट करण्यासाठीच असतं. त्याचा तुषार हेडवर बसला तर तिथेही तो तेच करतो.

आता मी रोज सकाळचा नोझल चेक तारीख टाकून फाइलला लावतो. रेघा आल्या की आधी मागच्या आठ दिवसांची पानं काढतो. तेच भोक हळूहळू तिरकं होत बंद पडलेलं दिसलं तर रात्री सोल्युशन भरतो, नाहीतर स्क्रू ड्रायव्हर घेऊन डॅम्परकडे जातो.