तात्पुरती कॅप हलली किंवा निघाली, तर

(कॅपचं काम चालू असलेल्या पेशंटसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी)

दात तासून माप घेतलं, की पक्की कॅप लॅबमधून येईपर्यंत आम्ही त्यावर दाताच्या रंगाची एक कच्ची कॅप बसवतो. कोणी तिला टोपी म्हणतं, कोणी कव्हर. नाव काहीही असो, फोनवर आठवड्यातून तीन-चारदा येणारा प्रश्न एकच असतो: "डॉक्टर, ती निघाली. आता?" प्रत्येकाला तेच सांगत बसलं, की इकडे खुर्चीत तोंड उघडून बसलेला पेशंट ताटकळतो. म्हणून हे लिहून ठेवलं.

आधी थोडक्यात. निघालेली कॅप धुऊन डबीत ठेवा, त्याच दिवशी फोन करा आणि दोन दिवसांच्या आत या. दुखत असो वा नसो. एवढं वाचून कागद बाजूला ठेवलात तरी चालेल. फक्त 'नसो' हा शब्द परत एकदा वाचा, कारण सगळा घोळ तिथेच होतो.

"दुखत नव्हतं, म्हणून थांबलो"

आमच्याकडच्या बहुतेक कॅपा रूट कॅनॉल केलेल्या दातांवर असतात. त्या दातातली नस काढलेली असते. त्यामुळे कॅप निघाली तरी गार पाणी लागत नाही, ठणकत नाही, काहीच होत नाही. मग कॅप शर्टाच्या खिशात जाते, शेतात उसाची तोड चालू असते, आणि पुढच्या बुधवारची अपॉइंटमेंट तर आहेच.

तासलेला दात बाजूंनी साधारण एक ते दीड मिलिमीटर आणि वरून दीड-दोन मिलिमीटर कमी केलेला असतो. तेवढी जागा मोकळी राहिली, की शेजारचे दात त्या बाजूला कलायला लागतात, चावताना त्यावर टेकणारा समोरच्या जबड्यातला दात त्या जागेत सरकायला लागतो आणि हिरडी तासलेल्या दाताच्या कडेवर चढते. आरशात बघून हे कळणार नाही. पण दाताखाली केस आला तर कसा लगेच जाणवतो? कॅपचं काम तेवढ्याच बारीक मापाचं आहे. लॅबवाल्याला तुमचा दात दिसत नाही, त्याच्यापुढे असतो माप घेतलेल्या दिवशीचा प्लॅस्टरचा साचा. साच्यातले दात जागचे हलत नाहीत, तोंडातले हलतात.

मागच्या हंगामात पाटणकडचे एक काका आले. खालची दाढ. कॅप तिसऱ्या दिवशी निघाली होती, आले पंधराव्या दिवशी. "दुखत नव्हतं, म्हटलं तुम्हाला कशाला उगाच त्रास." पक्की कॅप आमच्या हातात तयार होती, पण ती दातावर पूर्ण बसेना. बाजूने थोडी घासून पाहिली. त्यालाही मर्यादा असते, फार घासली तर ती कमजोर होते आणि दोन दातांमध्ये घास अडकायला लागतो. शिवाय हिरडी सुजून कडेवर आली होती, हात लावला की रक्त. शेवटी बधिर केलं, दोरा घालून हिरडी बाजूला सारली, नवीन माप घेतलं, नवीन कच्ची कॅप केली. माप परत कोल्हापूरला लॅबमध्ये गेलं. आणखी दहा दिवस, दोन जास्तीच्या खेपा, दोन दिवसांचं काम बुडलं. लॅबने दुसऱ्या कॅपचे पैसे घेतले, आणि घेणारच, त्यांनी दिलेल्या मापाबरहुकूम काम केलं होतं. पहिली कॅप अजून आमच्या ड्रॉवरमध्ये आहे. ती दुसऱ्या कोणालाही बसणार नाही.

त्याच दिवशी आले असते तर दहा मिनिटांचं काम होतं.

एवढे पैसे घेता, मग नीट चिकटवत का नाही?

हेही ऐकून घ्यावं लागतं, आणि प्रश्न रास्त आहे. शिंपी कपडा शिवताना आधी कच्चे टाके घालतो, ते उसवायलाच असतात. ही कॅपही काढायलाच बसवलेली आहे. सिमेंट मुद्दाम हलकं वापरतो. घट्ट वापरलं तर पक्की कॅप बसवायच्या दिवशी ही फोडून काढावी लागेल आणि त्या ओढाताणीत खालचा दात तडकू शकतो. रूट कॅनॉल केलेला, वरून तासलेला दात तसाही नाजूक झालेला असतो.

तरी वारंवार निघत असेल तर कारण शोधायला हवं. दात फार बुटका असेल, किंवा चावताना ती कॅप बाकीच्यांच्या आधी टेकत असेल. "आधी हीच लागते" असं वाटलं तर लगेच सांगा, आम्ही घासून बरोबर करून देतो. सवय होईल म्हणून सोसत बसू नका, त्या ठोक्यानेच ती सुटते.

मोठ्या शहरात एका दिवसात पक्की कॅप करून देणारी मशिनं आहेत. आमच्याकडे नाहीत. पण लॅबमधला आमचा माणूस वर्षानुवर्षांचा आहे, आणि मधल्या आठ-दहा दिवसांत चावा कसा बसतो, हिरडी कशी राहते, हे आम्हाला पक्की कॅप बसवायच्या आधीच कळतं.

हातात आलेल्या कॅपचं काय करायचं

नुसती हलत असेल आणि बोटाने सहज निघत असेल तर काढून ठेवा, विशेषतः रात्री. झोपेत घशात जाण्यापेक्षा डबीत बरी. कागदाच्या रुमालात गुंडाळू नका. तो रुमाल सकाळी केरात जातो, हे आम्ही इतक्यांदा ऐकलंय की आता काउंटरवर छोट्या डब्याच ठेवल्यात.

दातावरून मऊ ब्रश हलक्या हाताने फिरवा. मिश्री नको, पिन आणि दातकोरणी तर नकोच. नस जिवंत असलेला दात असेल तर गार-गरम झोंबेल. तेव्हा कॅप आतून स्वच्छ करून आधी तशीच बसवून बघा, कुठली बाजू कुठे ते समजेल. मग आत थोडं व्हॅसलीन किंवा टूथपेस्ट घालून बोटाने दाबा. बसत नसेल तर चावून बसवायला जाऊ नका. हे फक्त आमच्याकडे पोहोचेपर्यंतचं आहे. त्या बाजूने जेवायचं नाही आणि झोपताना कॅप काढून ठेवायची.

फेविक्विक लावायचं नाही. त्याचा यात दोष नाही, ते तोंडासाठी केलेलंच नाही. ओलाव्यात ते क्षणात घट्ट होतं, कॅप जरा वाकडी बसली की तशीच राहते, हिरडी भाजते ती वेगळीच. मग ती ड्रिलने कापून काढण्यावाचून इलाज नसतो, आणि आतल्या दाताचा आकार बिघडला तर पुन्हा मापापासून सुरुवात. दरवर्षी दोघं-तिघं येतातच, आणि बहुतेकांचा हा प्रयोग शिकल्यासवरल्या मुलाने केलेला असतो.

लवंगेचं तेल लावलं असेल तर आल्याबरोबर सांगा. पक्की कॅप चिकटवायची काही सिमेंटं लवंगतेलाच्या संपर्कात नीट घट्ट होत नाहीत. म्हणून आम्ही कच्च्या कॅपलाही बिनलवंगेचंच सिमेंट वापरतो.

कॅप गिळली गेली तर बहुधा शौचावाटे निघून जाते. फोन करून या, नवीन करू. पण गिळल्यानंतर ठसका थांबत नसेल, श्वासाला घरघर येत असेल, तर दवाखान्यात येऊ नका, थेट मोठ्या हॉस्पिटलात जा. तिथे सांगा की कॅप प्लॅस्टिकची आहे, एक्स-रेमध्ये ती दिसेलच असं नाही.

खाण्याबद्दल

बसवल्यावर बधिरपणा उतरेपर्यंत काही खाऊ नका. नंतर त्या बाजूला चिक्की, तिळगुळाची वडी, च्युइंगम, सुपारी, ऊस नको. संक्रांतीच्या आठवड्यात निघणाऱ्या कॅपा आम्ही मोजत नाही. भात, आमटी, मऊ पोळी खुशाल चालेल. भाकरी असेल तर आमटीत कुस्करून. हळदीने कच्ची कॅप पिवळी पडते, घाबरू नका, सिरॅमिकची पडत नाही. दातांच्या फटी साफ करायला दोरा (फ्लॉस) घालत असाल तर वर उचकटू नका, बाजूने ओढून काढा.

काहींची कच्ची कॅप इतकी छान बसते की ते पक्की बसवायला येतच नाहीत. "चाललंय की." चालत नाही. कडेने थुंकी आत झिरपते आणि कॅपच्या आत दात किडतो.

आमच्याकडची पद्धत

काम चालू असताना निघालेली कॅप पुन्हा बसवायचे पैसे आम्ही घेत नाही, कितीही वेळा निघाली तरी. कॅप हरवली असेल तर नवीनचा फक्त सामानाचा खर्च. उशिरा आल्यामुळे माप परत घ्यावं लागलं तर लॅबचा खर्च मात्र तुमच्याकडे. हे आधीच सांगतो, म्हणजे नंतर काउंटरवर मावशींशी वाद नको. दुसरीकडे काम चालू आहे आणि ते डॉक्टर गावाला गेलेत, तरी या. तात्पुरती बसवून देऊ, पुढचं काम त्यांच्याकडेच करा.

सुटलेल्या कॅपांसाठी दुपारी एक वाजताची आणि संध्याकाळी ओपीडी सुरू व्हायच्या आधीची वेळ राखून ठेवतो. वारीला, लग्नाला किंवा मुंबईला मुलाकडे जाणार असाल तर निघायच्या आधी एकदा दाखवून जा, हलत असेल तर पुन्हा बसवून देतो.

आणि डबी येताना परत आणा, संपत आल्यात.