वाहन चालवताना हेडफोनचा वापर

वाहन चालवताना कानात इयरफोन किंवा कानांवर हेडफोन लावून गाणी ऐकणे, फोनवर बोलणे अथवा नकाशाच्या सूचना ऐकणे. हे सुरक्षित नाही, असे सगळेच सांगतात. मात्र कारण विचारले की बहुतेक जण 'हॉर्न ऐकू येत नाही' एवढ्यावर थांबतात. ते खरे असले तरी अर्धेच आहे. कान बंद होणे हा एक धोका आणि मन दुसरीकडे जाणे हा दुसरा. दुसरा धोका आवाज कितीही बारीक ठेवला तरी टळत नाही.

डोळ्याला समोरचे दिसते. मागचे आणि आडोशाचे कानाला कळते. ताम्हिणी किंवा वरंधा घाटातल्या आंधळ्या वळणावर समोरून येणारी एसटी दिसण्याआधी तिचा हॉर्न ऐकू येतो, आणि तेवढ्यात दुचाकीवाला डावीकडे सरकतो. आपल्याकडे हॉर्न हा निरोप असतो: 'मी मागे आहे', 'मी ओव्हरटेक करतोय', 'थांब, मी थांबणार नाही'. ट्रकच्या पाठीवर 'हॉर्न ओके प्लीज' लिहिण्याला महाराष्ट्रात २०१५ साली बंदी आली, कारण त्यामुळे विनाकारण हॉर्न वाजवायला प्रोत्साहन मिळते. बंदी रास्तच होती, पण ओव्हरटेकचा व्यवहार अजून बराचसा आवाजावरच चालतो. शिवाय स्वतःच्या गाडीचेही आवाज असतात. चाकातली हवा जाणे, ब्रेक घासणे, चेन सैल पडणे या गोष्टी आधी कानालाच कळतात.

'मी एकाच कानात लावतो' ही नेहमीची पळवाट आहे. आवाज कोणत्या बाजूने आला हे मेंदू दोन्ही कानांची तुलना करून ठरवतो. डावीकडचा आवाज डाव्या कानात आधी आणि थोडा मोठा पोहोचतो. वेळेतला हा फरक जास्तीत जास्त सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी असतो. एक कान बुजवला की रुग्णवाहिकेचा भोंगा ऐकू येतो, पण ती कुठून येते ते उमगत नाही. मग माणूस आरशात, मागे, उजवीकडे शोधत बसतो आणि तेवढा वेळ समोरच्या रस्त्यावर त्याची नजर नसते.

बाहेरचा गोंगाट दाबणारे हेडफोन ही अलीकडची भर. ते बाहेरच्या ध्वनिलहरीच्या उलट लहर तयार करून तिला शमवतात. सलग चालणाऱ्या खालच्या पट्टीतल्या घरघरीवर त्यांचा प्रभाव सर्वांत जास्त, म्हणजे नेमका इंजिनाचा आणि टायरचा आवाज ते घटवतात. वेगाचा अंदाज चालक काट्याकडे न पाहताही याच आवाजावरून घेत असतो. तो कमी झाला की आहे त्यापेक्षा वेग कमी वाटतो.

दुचाकीस्वाराची अडचण थोडी वेगळी आहे. ताशी १०० किमीच्या आसपास हेल्मेटच्या आत वाऱ्याचा आवाजच सुमारे ९५ डेसिबल किंवा त्याहून जास्त होतो. अशा गोंगाटात गाणे ऐकू यायचे तर आवाज त्याहून चढवावा लागतो, म्हणजे रस्ताही ऐकू येत नाही आणि कानाचीही हानी होते. लांब पल्ल्याचे अनेक बाइकस्वार कानात साधे बोळे घालतात ते यासाठीच. बोळा वारा आणि हॉर्न दोन्ही सारखेच बारीक करतो, त्यामुळे हॉर्न त्यातूनही वेगळा ओळखू येतो. बोळ्यात गाणे वाजत नाही, हा फरक महत्त्वाचा.

आता मनाचा भाग. १९९७ साली टोरांटोतील संशोधक रेडेलमायर आणि टिब्शिरानी यांनी अपघातग्रस्त चालकांच्या फोनच्या नोंदी तपासल्या. फोनवर बोलताना अपघाताची शक्यता सुमारे चौपट होते, असे त्यांना आढळले. हात मोकळे ठेवणाऱ्या फोनचा काही फायदा दिसला नाही. पुढे युटा विद्यापीठात डेव्हिड स्ट्रेयर आणि सहकाऱ्यांनी वाहनाच्या प्रतिरूप यंत्रावर (सिम्युलेटरवर) प्रयोग केले. फोन हातात असो वा नसो, संभाषणात गुंतलेल्या चालकांकडून सिग्नल जास्त हुकत होते आणि ब्रेक उशिरा लागत होता. डोळे रस्त्यावर असूनही समोरचे मनात उतरत नव्हते. ताशी ६० किमी वेगाने गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाते. दोन सेकंदांच्या तंद्रीत ३३ मीटर रस्ता मागे पडतो.

मग शेजारी बसलेल्या माणसाशी गप्पा मारणे तेवढेच वाईट का? नाही. समोर ट्रक आडवा आला की शेजारचा माणूस आपोआप गप्प होतो, वेळ आली तर 'अरे, बघ!' म्हणून ओरडतो. फोनवरच्या माणसाला तो ट्रक दिसत नसतो; त्याचे चालूच राहते. गाण्याचा भार संभाषणापेक्षा हलका, नकाशाच्या त्रोटक सूचनेचा त्याहून हलका. म्हणून डिलिव्हरीच्या कामावर दिवसभर फिरणाऱ्याने कान मोकळे ठेवून, हेल्मेटमधल्या छोट्या स्पीकरवर वळणाची सूचना ऐकणे आणि दोन्ही कान बंद करून मित्राशी भांडणे एकाच तराजूत तोलू नये.

कायदे मात्र सारखे नाहीत. फ्रान्समध्ये १ जुलै २०१५ पासून चालक आणि सायकलस्वार दोघांनाही इयरफोन किंवा हेडफोन लावायला मनाई आहे. दंड १३५ युरो. कॅलिफोर्नियात दोन्ही कान झाकणे निषिद्ध आहे, एका कानाला मुभा आहे. ब्रिटनमध्ये हेडफोनविरुद्ध स्वतंत्र नियम नाही. निष्काळजी चालवल्याच्या कलमाखाली कारवाई होऊ शकते. भारतात मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १८४ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीने 'हातात धरून वापरायची संपर्क साधने' धोकादायक चालवण्याच्या व्याख्येत आली. पहिल्या गुन्ह्याला १,००० ते ५,००० रुपये दंड, सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा दोन्ही. रस्ता शोधण्यापुरता फोन वापरायला १ ऑक्टोबर २०२० पासून नियमांनी वाव दिला, अट एवढीच की चालकाचे लक्ष विचलित होऊ नये. या शब्दरचनेत इयरफोनचे नाव नाही, आणि चौकातल्या बहुतेक वादांचे मूळ हेच आहे.

२६ एप्रिल २०१८ रोजी उत्तर प्रदेशात कुशीनगर जिल्ह्यातल्या रखवालदार नसलेल्या फाटकावर शाळेच्या व्हॅनला रेल्वेने धडक दिली आणि १३ मुले दगावली. चालकाच्या कानात इयरफोन होते, असे प्राथमिक माहितीत सांगण्यात आले.

एक आक्षेप हमखास घेतला जातो: कर्णबधिरांना परवाना मिळतो, मग आमच्यावरच बंदी का? दिल्ली उच्च न्यायालयाने २०११ साली कर्णबधिरांना चाचणी देऊन परवाना मिळवण्याची वाट मोकळी केली आणि २०१६ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयानेही राज्यांना तसे कळवले. पण कर्णबधिर चालकाला आरशात पुन्हा पुन्हा बघण्याची सवय असते, आणि त्याच्या कानात कोणी बोलत नसल्याने त्याचे लक्ष वाटले जात नाही. हेडफोनवाल्याने कान काही वेळापुरते बंद केलेले असतात. त्याची नजर ऐकू येणाऱ्या माणसाचीच राहते.