शेवटचं डायलिसिस कधी झालं?

मंगळवारी सकाळी बडोद्यात दांडिया बाजारातल्या घरी मामा न्हाणीघरात घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे नीट बघायच्या आधी विचारलं, "शेवटचं डायलिसिस कधी झालं?" मामी म्हणाली, "शनिवारी." मामांच्या किडन्या निकामी आहेत, आठवड्यातून दोनदा मशीनवर रक्त धुऊन घ्यावं लागतं, तेच डायलिसिस. त्यांचे वार बुधवार आणि शनिवार. डॉक्टरांनी बोटांवर मोजलं, तीन दिवस. मग ठरलं, रात्री आधी मशीन, ऑपरेशन बुधवारी.

मोडलं हाड आणि चौकशी किडनीची, हे आम्हाला तेव्हा विचित्र वाटलं होतं. पण त्या प्रश्नामागे ऐंशी वर्षं आहेत.

नेदरलँड्समधल्या काम्पेन गावी डॉक्टर विलेम कोल्फ यांनी १९४३ मध्ये, ऐन युद्धात, सॉसेजसाठी वापरतात त्या सेलोफेनच्या नळीतून रक्त फिरवून ते धुऊन काढलं. सुरुवातीचे बहुतेक रुग्ण दगावले. १९४५ मध्ये ६७ वर्षांची एक बाई वाचली. मात्र दरवेळी नवी रक्तवाहिनी उघडावी लागे आणि काही दिवसांत उघडायला जागाच उरत नसे. त्यामुळे किडनी तात्पुरती बंद पडलेल्यांनाच याचा उपयोग होता. १९६० मध्ये सिएटलला बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी टेफ्लॉनची नळी हातात कायमची बसवली आणि वर्षानुवर्षं डायलिसिसवर जगणारा माणूस हा प्रकारच नव्याने जन्माला आला. त्यांचे पहिले रुग्ण क्लाइड शील्ड्स ११ वर्षं जगले, आणि गेले ते हृदयविकाराने. किडनीचं यंत्र सांभाळत बसावं आणि दगा हृदयाने द्यावा, ही गोष्ट तेव्हापासून आजवर चालू आहे. अशा रुग्णाच्या कुठल्याही ऑपरेशनआधी इकोचा, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीचा, आग्रह धरतात तो त्यामुळेच.

पुढची पायरी म्हणजे फिस्टुला. मनगटाजवळची धमनी आणि शीर एकमेकींना जोडायची, की शीर फुगून जाड होते आणि तिला वारंवार सुया टोचता येतात. न्यूयॉर्कच्या ब्रेशिया आणि सिमिनो यांनी १९६६ मध्ये हे प्रसिद्ध केलं. प्रत्यक्ष टाके घातले होते ॲपेल नावाच्या सर्जनने, पण त्यांचं नाव मागे पडलं. मामांच्या डाव्या हाताला बोट लावलं तर चालू गिरणीच्या भिंतीला हात लावावा तशी थरथर जाणवते. घरी आलेल्या प्रत्येक पोराला ते ती दाखवतात.

रुग्ण जगायला लागले तशी त्यांना हर्निया, मोतीबिंदू, मोडकी हाडं अशी इतर माणसांची दुखणीही होऊ लागली, आणि भूल देणाऱ्यांची पंचाईत झाली. भुलीच्या वेळी स्नायू सैल करणारं नेहमीचं औषध सक्सिनिलकोलीन रक्तातलं पोटॅशियम अर्ध्या एककाने वाढवतं. निरोग्याला त्याचं काही नाही, पण तीन दिवस न धुतलेल्या रक्तात आधीच ते काठोकाठ असतं, आणि वाढलं तर हृदय थांबू शकतं. मॉर्फिनचे अवशेष साचून रुग्ण तासन्‌तास गुंगीत राहतो, श्वास मंदावतो. अट्राक्युरियमसारखी, स्नायू सैल करणारी पण किडनीची वाट न बघता रक्तातच आपोआप मोडून जाणारी औषधं आल्यावर थोडं सुसह्य झालं. रक्तस्रावाचं दुखणं वेगळं. साचलेल्या विषांनी प्लेटलेट्स, म्हणजे रक्त थांबवणाऱ्या पेशी, नीट चिकटत नाहीत, त्यात डायलिसिसच्या वेळचं रक्त गोठू न देणारं हेपॅरिन. म्हणून मशीन आणि सुरी यांच्यात काही तास जाऊ देतात. पूर्वी हिमोग्लोबिन सहा-सातवर असे आणि बाटल्यांवर बाटल्या रक्त चढे. १९८९ मध्ये अमेरिकेत एरिथ्रोपोएटिन या रक्तपेशी वाढवणाऱ्या औषधाला मान्यता मिळाली, तेव्हापासून ते कमी झालं.

तरी "आदल्या दिवशी डायलिसिस" हा बराच काळ अनुभवाचाच नियम होता. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या सुमारे साडेअकरा लाख ऑपरेशनांचा अभ्यास आला. डायलिसिसनंतर एका दिवसाने ऑपरेशन झालेल्यांत ९० दिवसांतलं मृत्यूचं प्रमाण ४.२ टक्के, दोन दिवसांनी ४.७, तीन दिवसांनी ५.२. निरीक्षणातून आलेले आकडे आहेत, कारण सिद्ध करत नाहीत. पण तिकडे आठवड्यातून तीनदा मशीन ही रीत. आपल्याकडे खर्चापायी दोनदाच करणारे कितीतरी, म्हणजे तीन-चार दिवसांचा खंड दर आठवड्याला ठरलेला.

आमच्या लहानपणी बडोद्यात किडनी म्हटलं की नडियाद. तिथलं मूत्ररोगांचं हॉस्पिटल १९७८ चं. २०१६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर झाला, त्यात जिल्हा रुग्णालयांत मशीन आणि गरिबांना मोफत सेवा असं ठरलं. पण येण्याजाण्याची रिक्षा आणि सोबतच्या माणसाचा बुडालेला रोज कोण देणार? दोनाचे तीन वार व्हायला हेच आडवं येतं. मामांचंही तेच.

खुबा मोडल्यावर फार थांबणंही वाईट. पडून राहिलं की छाती भरते, पाठीला जखमा होतात. म्हणजे घाई हवी, आणि रक्त धुतल्याशिवाय घाई नको. डॉक्टर बोटं मोजत होते ते याचसाठी.

ऑपरेशन झालं. पुढचं डायलिसिस हेपॅरिनशिवाय केलं, म्हणून नळीत गुठळी होऊ नये यासाठी सिस्टर मिनिटामिनिटाला बघत होती. मामांच्या डाव्या मनगटावर, फिस्टुला जपायला, तिने चिकटपट्टी लावली होती, गुजरातीत लिहिलेली: "आ हाथमां सोय नहीं." सोय म्हणजे सुई. गुंगीतून उठलेल्या मामांनी ती मराठीत वाचली आणि मामीला म्हणाले, "बघ, इथे पण सोय नाही."